होळीपासून आखाजीपर्यंत

शाळेच्या परसबागेचे फोटो बहुधा जानेवारीत काढलेले असतात. पालकाची रुंद पानं, दाट मेथी, फळांनी वाकलेली वांगी, तिरप्या विटांनी आखलेले वाफे आणि झारी धरून उभी असलेली दोन मुलं. या फोटोंत खोटं काही नसतं. थंडीच्या दिवसांत जळगाव-धुळ्याच्या काळ्या जमिनीत बी पडलं आणि वेळेवर पाणी मिळालं, की उरलेलं काम हवाच करते. परसबागेची खरी परीक्षा होळी पेटल्यावर सुरू होते आणि त्या दिवसांत फोटो काढायला फारसं कुणी येत नाही.

पंचांगाप्रमाणे चैत्र आणि वैशाख हे वसंताचे महिने. कडुनिंब कोवळ्या पालवीनं भरतो, पिंपळाला तांबूस पानं फुटतात, सातपुड्याच्या पायथ्याशी पळस फुलून गेलेला असतो. त्याच महिन्यांत भुसावळ आणि जळगावचा पारा 42-43 अंशांवर जातो. मे महिन्यात तो 45 ओलांडतो, तेव्हा वर्तमानपत्रांना रोज एक मथळा मिळतो. झाडांना बहर आणि भाजीपाल्याला कहर, असा हा ऋतू. शालेय बागकामाची परंपरा मात्र थंड मुलखातून आलेली आहे. फ्रिड्रिश फ्रोबेलनं 1837 साली जर्मनीत ब्लांकेनबुर्गला लहान मुलांसाठी संस्था काढली. पुढे तिच्या बागेत प्रत्येक मुलाचा स्वतःचा छोटा वाफा असावा, असा त्याचा आग्रह होता. त्या हवामानात वसंत म्हणजे आरंभ. बर्फ वितळतं, शेवटचं हिमदव टळतं आणि मग बी पेरायचं. तेच वेळापत्रक चित्रांसकट आपल्या पुस्तकांत उतरलं. त्यामुळे मार्चमध्ये उत्साहानं पालक पेरणारी शाळा आजही सापडते. खान्देशात मार्च हा बाग आवरत आणण्याचा महिना आहे. काय ठेवायचं, काय सोडून द्यायचं आणि पाणी कुणाला द्यायचं, हे एकदा ठरवलं की पुढचे दोन महिने निभावतात.

झाडं फुटतात मग भाजी का मान टाकते, हा प्रश्न चौथी-पाचवीची मुलं हमखास विचारतात. प्रश्न चांगला आहे आणि उत्तर जमिनीखाली आहे. कडुनिंबाची मुळं कित्येक मीटर खोल जातात. गेल्या पावसाळ्यात मुरलेली ओल तिथं अजून शिल्लक असते. पावसाळा येईपर्यंत पानं तयार असावीत म्हणून झाड आधीच पालवी काढून बसतं. पालक-मेथीची मुळं वीतभर, फार तर दीड वीत. तेवढा थर एप्रिलमध्ये दोन-तीन दिवसांत सुकतो. दुसरं कारण दिवसाच्या लांबीत आहे. डिसेंबरात अकरा तासांहून थोडा कमी असलेला आपला दिवस एप्रिलच्या अखेरीस पावणेतेरा तासांच्या आसपास पोचतो. लांबलेला दिवस आणि वाढलेली उष्णता हा पालकाला आणि कोथिंबिरीला इशारा असतो, की आता पानं पुरे, बी धरा. मधोमध दांडा वर येतो, पानं लहान आणि कडवट होतात. खत वाढवून किंवा पाणी वाढवून हे थांबत नाही. टोमॅटोची अडचण वेगळी. दिवसाचं तापमान 35 अंशांपुढे गेलं आणि रात्रीही गारवा मिळेनासा झाला, की त्याचे परागकण निकामी होतात. झाड हिरवंगार दिसतं, फुलंही येतात आणि न फळता गळून पडतात.

किती पाणी, तेवढीच बाग

खान्देशातली परसबाग जागेवर मोजू नये. जागा पुष्कळ असते. जिल्हा परिषदेच्या शाळांना बऱ्याचदा चांगलं मोठं मैदान असतं आणि मुख्याध्यापकांचा पहिला मोह ते भरून टाकण्याचा असतो. बाग मोजावी ती पाण्यावर, तीसुद्धा एप्रिलच्या पाण्यावर.

हिशेब अवघड नाही आणि तो सहावीच्या वर्गाकडून करून घेण्यासारखा आहे. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर उंचीचं पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात आणि कोरड्या वाऱ्यात हिरव्या वाफ्यातून रोज साधारण आठ मिलिमीटर पाणी उडून जातं असं धरू. म्हणजे एका चौरस मीटरला रोज आठ लिटर. शंभर चौरस मीटरची बाग केली तर रोज आठशे लिटर, आणि गावाला तीन-चार दिवसांआड नळ येत असेल तर हे आठशे लिटर कुणाच्या तरी घरच्या हंड्यातून जाणार. आता उलट बाजूनं मांडा. शाळेत दुपारच्या जेवणानंतर हात आणि ताट धुवायला एका मुलाला दोन लिटर पाणी लागतं असं समजू. साठ मुलांच्या शाळेत ते एकशेवीस लिटर होतं. एकशेवीसला आठनं भागलं की पंधरा. साठ मुलांच्या शाळेनं एप्रिलमध्ये पंधरा चौरस मीटर बाग ठेवावी. तिला वेगळं पाणी मागावं लागत नाही आणि गावाशी भांडणही होत नाही. आच्छादन केलं तर वीस-बावीस चौरस मीटरपर्यंत जाता येईल. जानेवारीत बाष्पीभवन निम्म्याहून खाली असतं, तेव्हा हीच बाग दुप्पट पसरली तरी चालते.

हा विचार खान्देशला नवा नाही. पांझरा नदीवर साक्री आणि धुळे तालुक्यांत शेकडो वर्षांपासून चालत आलेली फड पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. नदीवर एकामागून एक दगडी बंधारे, प्रत्येक बंधाऱ्यावरून निघालेला पाट, आणि त्याखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे तुकडे, म्हणजे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाणी पाटकऱ्यानं ठरलेल्या क्रमानं सोडायचं. बंधाऱ्यात पाणी कमी दिसलं, की त्या वर्षी एखादा फड पडीक ठेवायचा. कुणाचं किती शेत कोणत्या फडात पडतं, यावर तोटा वाटला जातो. प्रत्येकाच्या मालकीचे तुकडे वेगवेगळ्या फडांत विखुरलेले असल्यामुळे सगळा भार एकावर येत नाही. पाणी आधी बघायचं आणि क्षेत्र मग ठरवायचं, ही शिस्त शाळेच्या बागेला जशीच्या तशी लागू पडते. बागेचे चार भाग करावेत. होळीला एक बंद, गुढीपाडव्याला दुसरा बंद. उरलेले दोन आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, चालवायचे. धुळे जिल्ह्यातल्या शाळांनी तर या भागांना फडच म्हणावं आणि एका मुलाला आठवडाभर पाटकरी करावं. इतिहास आणि भूगोल या दोन्ही विषयांची त्यात सोय आहे.

धुण्याच्या पाण्याबद्दल एक खबरदारी. ताटं घासायला पावडर किंवा साबण वापरत असतील तर ते पाणी थेट पालेभाजीवर सोडू नये. वाळू-खडी भरलेल्या छोट्या खड्ड्यातून, पुढे कर्दळीच्या किंवा अळूच्या वाफ्यातून जाऊ द्यावं आणि मग केळी, पपई, शेवगा अशा झाडांच्या आळ्यात न्यावं. नुसतं हात धुतल्याचं पाणी भाजीला चालतं.

एवढ्याशा बागेतून मिळणार काय, हेही स्पष्ट सांगायला हवं. दुपारच्या जेवणाच्या योजनेत प्राथमिकच्या मुलाला दिवसाला 50 ग्रॅम आणि उच्च प्राथमिकच्या मुलाला 75 ग्रॅम भाजी धरलेली आहे. साठ लहान मुलांना रोज तीन किलो भाजी लागते. पंधरा चौरस मीटरमधून रोज तीन किलो निघणं शक्य नाही, उन्हाळ्यात तर नाहीच. बाजारातून भाजी आणावीच लागणार. बागेनं त्या भाजीत भर घालायची आहे. वरणात मूठभर शेवग्याचा पाला, खिचडीत तांदुळजा, फोडणीला ताजा कढीपत्ता. लोह, चुना आणि अ जीवनसत्त्व हे घटक आपल्या जेवणात नेमके कमी पडतात आणि ते पाल्यात भरपूर असतात. परसबागेमुळे शाळा भाजीच्या बाबतीत स्वावलंबी होते, असा अहवाल कुणी लिहीत असेल तर त्याला वजनकाटा द्यावा.

स्वावलंबनाची भाषा आपल्याकडे आली ती नई तालीम, म्हणजे उद्योगातून शिक्षण, या विचारातून. डिसेंबर 1936 मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं पन्नासावं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं हे पहिलंच अधिवेशन. खेड्याकडे बघण्याची जी दिशा तिथं दिसली, तिची शिक्षणातली मांडणी दहा महिन्यांनी, ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला झाली. झाकिर हुसेन समितीनं शिकवण्याचं माध्यम म्हणून जे उद्योग सुचवले, त्यांत सूतकताई आणि सुतारकामाबरोबर फळं-भाजीची बागही होती. मुलांच्या श्रमातून शाळेचा खर्च निघावा ही त्यातली अपेक्षा फारशी टिकली नाही आणि माझ्या मते ते बरंच झालं. वाफा हे गणिताचं, विज्ञानाचं, भाषेचं साधन आहे, हा भाग मात्र आजही ताजा आहे. पुढे 1995 मध्ये देशपातळीवर शालेय पोषण आहार योजना आली, 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिजवलेलं अन्नच द्या असा आदेश दिला, आणि ऑक्टोबर 2019 मध्ये केंद्र सरकारनं शाळांतल्या पोषण परसबागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. महाराष्ट्रात परसबागांच्या स्पर्धाही होतात. त्यांचे गुण मे महिन्यात दिले गेले तर निकाल बरेच बदलतील.

माघ आणि फाल्गुन

उन्हाळ्याची बाग उन्हाळ्यात लावता येत नाही. शाळेला मेच्या पहिल्या दिवसांत सुट्टी लागते, तिथून मागं मोजत यावं. भेंडीला बी टाकल्यापासून पहिली तोडणी मिळायला 45 ते 50 दिवस लागतात. गवार आणि झुडपी चवळी त्याच सुमारास शेंगांवर येतात. गिलकं, दोडकं आणि दुधी दोन महिने घेतात. म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, रात्रीची थंडी ओसरली की लगेच, हे सगळं जमिनीत पडलं पाहिजे. थंड मातीत भेंडीचं बी कुजतं, म्हणून घाईही नको. रात्रभर भिजवून सकाळी लावलं तर उगवण एकसारखी होते. जात निवडताना परभणी क्रांतीसारखी, पिवळ्या शिरांच्या रोगाला टिकून राहणारी जात घ्यावी. हा रोग पांढरी माशी पसरवते आणि शाळेत रासायनिक कीटकनाशक मारण्याचा प्रश्नच येत नाही. बियाण्याबद्दल शंका असेल तर ममुराबाद किंवा पालच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारता येतं, धुळ्याला कृषी महाविद्यालय आहे.

हिवाळ्यातली वांगी अजून उभी असतात. भरिताचं वांगं ही जळगावची ओळख, 2016 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. हिरवं, मोठं, कमी बियांचं हे वांगं. तुराट्यांच्या किंवा पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलं की त्याचा वास गल्लीभर जातो. ऊन वाढलं की फळं लहान, जाड सालीची आणि बियाळ होऊ लागतात. तेव्हा एक निरोगी झाड खुणेची चिंधी बांधून बियाण्यासाठी राखावं, त्यावरची दोन फळं पिवळी पडेपर्यंत तोडू नयेत. बाकीची झाडं जमिनीपासून फूटभर ठेवून छाटली, शेणखत घालून पाणी दिलं, तर पुन्हा फुटतात. पण पाणी मोजकं असेल तर ती काढून टाकणंच शहाणपणाचं.

फुलावर आलेली कोथिंबीर मात्र उपटू नये. तिच्या पांढऱ्या छत्र्यांवर मधमाश्या आणि मावा खाणारे कीटक गर्दी करतात. त्याच कीटकांची पुढे चवळीला गरज पडते. पंधरा-वीस दिवसांत हिरवे धणे धरतात. बाजारातून पुडीत येणारा धणा आणि भाजीवर भुरभुरायची कोथिंबीर एकाच झाडाची, हे काही मुलांना तेव्हा पहिल्यांदा कळतं. मेथी आणि पालकाच्या दोन-दोन ओळीही अशाच बियांसाठी सोडाव्यात. बागेचा पहिला फड याच पिकांचा असावा, म्हणजे होळीला तो आपोआप बंद होतो.

फाल्गुनात कडुनिंबाखाली पानांचा सडा पडतो. तो जाळायचा नाही. रावेर-यावलच्या बाजूला केळीची वाळकी पानं फुकट मिळतात, इतरत्र गव्हाचं काड, तुरीचं भुसकट. यातलं जे असेल ते चार बोटं जाड पसरायचं, खोडापासून दोन बोटं लांब ठेवून, नाहीतर आच्छादनातून आलेली वाळवी थेट खोडाला लागते. आच्छादनाचं महत्त्व आपल्या काळ्या मातीत दुप्पट आहे. बेसाल्ट खडकापासून झालेली ही माती ओली झाली की फुगते, सुकली की आकसते. एप्रिलमध्ये तिला पडणाऱ्या भेगांत मुलाचा हात सहज जातो. भेग पडताना कोवळी मुळं तुटतात आणि नंतर दिलेलं पाणी मुळांना न भेटता भेगेतून खाली निघून जातं. भेग बुजवत बसण्यापेक्षा पडूच न देणं सोपं. पाणी दिल्यानंतर वाफसा आला की खुरप्यानं वरचा दोन बोटांचा थर मोकळा करायचा आणि आच्छादन परत ओढायचं. कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं शेतकरी उगाच म्हणत नाहीत. वरचा भुसभुशीत थर खालची ओल वर चढू देत नाही.

ऊन कुठून येतं

जळगाव-धुळे 21 अक्षांशाच्या आसपास आहेत. हिवाळ्यात दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून शाळेच्या उत्तर भिंतीलगत सावली आणि गारवा असतो. एप्रिलमध्ये तो जवळजवळ डोक्यावर येतो आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो. भर दुपारी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्यानंतर काही आठवडे सूर्य दुपारी चक्क उत्तरेला असतो आणि उत्तर भिंतही तापते. मुलांनी फेब्रुवारीपासून दर सोमवारी एका काठीच्या सावलीचं टोक खडूनं आखत नेलं, तर हे सगळं त्यांना न सांगता दिसतं. बागेसाठी यातून निघणारा निष्कर्ष असा की, उन्हाळी वाफे इमारतीच्या पूर्वेला असावेत. सकाळचं ऊन मिळतं, दोन वाजल्यानंतरचं भाजणारं पश्चिमेचं ऊन भिंत अडवते.

त्याच्या जोडीला मांडव हवा. हिरवी जाळी विकत मिळते, पण गिलक्याचा वेल चढवलेला तुराट्यांचा मांडव जास्त कामाचा, कारण वर भाजी आणि खाली सावली. कपाशीच्या पऱ्हाट्या शाळेच्या आवारात रचून ठेवणं टाळावं. गुलाबी बोंडअळी त्यांत दडून राहते आणि पुढच्या हंगामात शेजारच्या शेतात निघते. मांडवाखाली तांदुळजा उत्तम येतो. ज्वारी, बाजरी आणि मका भर उन्हात ज्या युक्तीनं तग धरतात, तीच युक्ती तांदुळजाकडे आहे. ही झाडं हवेतला कार्बन डायऑक्साइड आधी पानात साठवून दाटवतात आणि मग वापरतात. त्यामुळे पर्णरंध्रं थोडीच उघडी ठेवूनही त्यांचं भागतं आणि पाणी कमी उडतं. पालकाला ही सोय नाही. दर पंधरा दिवसांनी तांदुळजाची एक ओळ पेरत गेलं तर पंचवीस-तीस दिवसांत कापणीला येते. पाणी सांडतं तिथं घोळ आपोआप उगवते, ती तण म्हणून फेकू नये. आंबटसर लागते आणि डाळीत छान मिळून येते.

या बाबतीत साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याकडे बघावं. चैत्राम पवार यांच्या पुढाकारानं तिथल्या लोकांनी जंगल आणि पाणी राखलं. पवार यांना 2025 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. या गावात दर पावसाळ्यात वनभाज्यांची पाककला स्पर्धा भरते आणि आदिवासी बायका अनेक प्रकारच्या रानभाज्या रांधून आणतात. शाळेच्या बागेत लावतो त्या आठ-दहा भाज्यांपलीकडे खाण्याजोगं किती आहे, याची ती उजळणी असते. परसबागेत एक कोपरा न खुरपलेला राखून तिथं पावसाळ्यात काय काय येतं, ते आज्यांना दाखवून ओळखून घेण्याचा उपक्रम कुठल्याही शाळेला करता येईल.

सकाळची शाळा

उन्हाळ्यात शाळा सकाळच्या होतात. बागेला याचा मोठा फायदा आहे. पाणी खरं तर संध्याकाळी द्यावं, पण संध्याकाळी शाळेत कुणी नसतं. सकाळी आठच्या आत दिलं तरी चालतं. रोज शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांआड खोल भिजवलेलं चांगलं, म्हणजे मुळं वर न रेंगाळता खाली जातात.

सकाळी सात वाजता भोपळ्याच्या रोपांवर तांबडे भुंगेरे अजून सुस्त असतात. चिमटीत धरून साबणाच्या पाण्यात टाकता येतात. नऊ वाजता तेच भुर्रकन उडतात. भेंडीच्या पानांची मागची बाजू भिंगातून बघितली तर लाल कोळी सापडतो. त्याला कोरडी उष्ण हवा मानवते, म्हणून पानांच्या पाठीवर पाण्याचा जोरदार फवारा मारणं हाच त्यावरचा पहिला इलाज. गिलक्याला फळमाशी डंख करते. कोवळ्या फळावर वर्तमानपत्राची पिशवी चढवली की फळ वाचतं.

फुलं बघण्याची वेळही हीच. गंगाफळाची पिवळी फुलं पहाटे उमलतात आणि दहाच्या आत मिटू लागतात. मादी फुलाच्या देठाशी इवलासा भोपळा असतो, नराच्या नसतो. उष्णता वाढली की वेलवर्गात नर फुलांचं प्रमाण वाढतं. वेल फुलांनी भरलेला आणि फळ एकही नाही, असं एप्रिलमध्ये दिसतं ते त्यामुळे. जी थोडी मादी फुलं येतात त्यांच्यावर नर फूल तोडून हलकेच फिरवावं, आठ-दहा वर्षांचं मूल हे नीट करतं. दुधी आणि दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं. त्याचा धडा शाळेत देता येत नाही, घरी वेल असणाऱ्या मुलाला ते काम द्यावं.

बागेला सर्वांत मोठा धोका किडीचा नसतो, शेळीचा असतो. एप्रिलमध्ये गावभर हिरवं असं काही उरलेलं नसतं आणि शाळेचं फाटक उघडं राहिलं, की दहा मिनिटांत दोन महिन्यांचं काम संपतं. बोरी-बाभळीच्या काट्यांचं दाट कुंपण आणि फाटकाची जबाबदारी रोज एका मुलाकडे, याला दुसरा पर्याय नाही. बुलबुल आणि चिमण्या पानं टोचतात त्या बहुधा तहानेनं. सावलीत पाण्याचं पसरट भांडं ठेवलं तर नुकसान बरंच कमी होतं.

मे महिना

सुट्टी लागली की हात धुण्याचं पाणी बंद, मुलं बंद आणि ऊन कळसाला. बहुतेक परसबागा इथंच मरतात आणि जूनमध्ये पुन्हा शून्यापासून सुरू होतात. यावर उपाय बाग जगवण्याचा नाही, ती चार-सहा झाडांपुरती आखडून घेण्याचा आहे.

शेवगा, कढीपत्ता, लिंबू, पपई, इतकी झाडं मडक्यांवर जगतात. झाडाच्या आळ्यात, खोडापासून हातभर अंतरावर, न रंगवलेलं, बिनचकाकीचं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, पाणी भरायचं आणि तोंड झाकायचं. माती सुकली की ती मडक्यातून पाणी ओढते, ओली असली की ओढ थांबते. नळ नाही, वीज नाही, तरी झाडाला हवं तेवढंच पाणी मिळतं. चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीच्या फान शंगझीच्या शेतीग्रंथात हीच पद्धत सांगितली आहे. ठिबक सिंचनाची मोठी कंपनी ज्या जळगावात उभी राहिली, तिथल्या शाळेला हे ठिबकचं आजोबा-रूप दाखवायलाच हवं. सहा-सात लिटरचं मडकं तीन-चार दिवसांतून एकदा भरावं लागतं. तेवढं काम शाळेशेजारचं एखादं घर किंवा स्वयंपाक करणाऱ्या ताई आनंदानं करतात, रोज पाणी घाला म्हटलं तर कुणी करत नाही. शाळेतले जुने माठ वापरू नयेत. आपल्याकडच्या जड पाण्यातल्या क्षारांनी त्यांची छिद्रं बुजलेली असतात. आखाजीला घराघरांत घागर भरतात, त्यामुळे तिच्या आधी कुंभारांकडे माल भरपूर असतो, भावही चढलेला असतो. बागेसाठी होळीलाच घेऊन ठेवावीत.

शेंगा संपलेला शेवगा मे महिन्यात तीन-चार फुटांवर छाटावा. पावसाच्या सुरुवातीला तो भरभरून फुटतो आणि पाला मुलांच्या हाताला येतो.

रिकाम्या झालेल्या वाफ्यांना उन्हाचा उपयोग करून घेता येतो. उन्हाळी नांगरट करून जमीन तापू देण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. इस्रायलमध्ये याकोव्ह काटान आणि सहकाऱ्यांनी 1976 साली त्याच्या पुढचं पाऊल मांडलं. वाफा भिजवून त्यावर पातळ पारदर्शक प्लास्टिक ताणून बसवायचं, कडा मातीनं दाबायच्या आणि चार ते सहा आठवडे तसंच ठेवायचं. आतली माती इतकी तापते की तणांचं बी, मुळांवरच्या गाठी करणारे सूत्रकृमी आणि बऱ्याच बुरशा मरतात. प्लास्टिक काळं असेल तर ऊन वरच अडतं आणि माती तितकी तापत नाही. हे काम करायला खान्देशच्या मे महिन्याइतकी चांगली वेळ आणि जागा शोधूनही मिळणार नाही. शाळा बंद असणं इथं सोयीचंच पडतं.

जूनच्या मध्यावर शाळा उघडते तेव्हा कडुनिंबाखाली निंबोळ्या पडायला लागतात. मुलांनी त्या रोज वेचाव्यात, गर चोळून धुवावा आणि बिया सावलीत वाळवाव्यात. प्लास्टिकच्या पिशवीत भरल्या तर बुरशी येते, गोणपाटात किंवा कापडी पिशवीत टांगल्या तर पुढच्या मार्चपर्यंत चांगल्या राहतात. फवारणीच्या आदल्या दिवशी 50 ग्रॅम बिया कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, सकाळी फडक्यानं गाळायच्या आणि चिमूटभर साबणाचा चुरा मिसळायचा. उन्हात त्यातला गुण लवकर उतरतो, म्हणून फवारणी दिवस कलल्यावरच करावी. ज्या दिवशी पालकसभा संध्याकाळी असेल तो दिवस धरावा.